माळकरी मामा, तीनदा सुजलेलं स्वादुपिंड आणि तीन मिलिमीटरचा खडा

लिहायच्या आधी मामांना विचारलं होतं. नाव, सेक्टर, गाव, तारखा सगळं बदलून लिहीन म्हटलं तर म्हणाले, "लिवा की मॅडम, पर माळकरी हाय तेवडं बदलू नका." त्यामुळे ते तसंच ठेवलंय.

तर मामा. वय ५४, मूळचे सातारा जिल्ह्यातले, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी, ३० वर्षं पाठीवर गोण्या वाहिलेला माणूस. राहायला कोपरखैरण्यात, माझ्या दवाखान्यापासून चालत ५ मिनिटांवर. वजन ६१ किलो, शुगर नाही, बीपी नाही, तंबाखू आहे आणि ती त्यांनी न विचारताच सांगितली. गळ्यात तुळशीची माळ, वडील गेल्यावर घातलेली, म्हणजे मटण-मासे बंद, दारूचा तर विषयच नाही, महिन्याच्या दोन्ही एकादश्या आणि आषाढीला रजा टाकून वारी. मी इथे १९ वर्षं दवाखाना चालवते, या कुटुंबाच्या तीन पिढ्या माझ्याकडे येतात, आणि हे आधी सांगायचं कारण असं की पुढे जे झालं त्यात ही माळच सगळ्यात जास्त दुखावली गेली.

स्वादुपिंडाच्या सुजेचा पहिला अटॅक ऑगस्टमध्ये. रात्री जेवून झोपले, पहाटे तीनला वरच्या पोटात कळ, सरळ पाठीत घुसणारी, गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसलं की जरा बरं, आडवं झालं की सहन होईना, आणि उलट्यांवर उलट्या. मुलाने रिक्षात घालून जवळच्या नर्सिंग होमला नेलं, तिथे अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि एक चांगली गोष्ट केली, ती म्हणजे सकाळी सहाच्या आत रक्त काढून पाठवलं. लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातलं एक पाचक एन्झाइम, १८५० आलं, जे त्या लॅबप्रमाणे ६० च्या आत हवं. लगेच मोठ्या हॉस्पिटलला हलवलं. पोटात अशी टिपिकल कळ, लायपेज किंवा अमायलेज (तसंच दुसरं एन्झाइम) नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त आणि स्कॅनमध्ये सूज, या तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या की अक्यूट पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज, म्हणतात, मामांच्या तिन्ही जुळल्या. स्वादुपिंडाला सूज, पण कुठे सडलेलं नाही, पाणी साठलेलं नाही. सौम्य प्रकार. पाच दिवसांत घरी.

इथपर्यंत ट्रीटमेंटमध्ये काही चुकलं असं मी म्हणणार नाही. चुकलं ते कारण शोधण्यात.

पॅन्क्रियाटायटिसची दोन कारणं सगळ्यात कॉमन, पित्ताचे खडे आणि दारू. मग उरलेली, ट्रायग्लिसराईड (रक्तातली एक चरबी) खूप म्हणजे १००० च्या वर जाणं, रक्तातलं कॅल्शियम वाढणं, काही औषधं, ऑटोइम्यून, स्वादुपिंडाच्या नळीची जन्मजात वेगळी ठेवण, आणि क्वचित छोटा ट्यूमर. मामांची सोनोग्राफी झाली, त्यात पित्ताशयात खडा नाही असं आलं. मग राहिली दारू. पुरुष, पन्नाशीचा, मार्केटला हमाली करतो, रात्रपाळी, म्हणजे पीतच असणार. जीजीटी नावाची एक लिव्हरची टेस्ट १४० आली होती, ती दारूने वाढते म्हणून तोच पुरावा धरला, पण पित्ताच्या वाटेत अडथळा आला तरी जीजीटी वाढते हे कुणी लक्षात घेतलं नाही. डिस्चार्ज कार्डवर निदान छापलं आणि त्याच्यापुढे कंसात अल्कोहोल आणि एक प्रश्नचिन्ह.

त्या एका शब्दाने घरात काय झालं ते मला नंतर मामींनी सांगितलं. मुलगा महापेला कंपनीत कामाला, शिकलेला, त्याचा डॉक्टरांच्या कागदावर विश्वास. तो वडिलांशी बोलेनासा झाला. मामी गुपचूप मामांची कामावरची पिशवी तपासायच्या. आणि मुलाच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील कव्हर होते, तो क्लेम दारूमुळे झालेला आजार म्हणून नाकारला गेला. प्रश्नचिन्ह होतं हो पुढे, पण क्लेम बघणाऱ्याला प्रश्नचिन्ह दिसत नाही.

रुग्णाला दारूबद्दल विचारणं अजिबात चूक नाही, मीही विचारते, माळ घातलेल्यालाही विचारते, कारण न विचारून मीच फसलेय. पण विचारलं, तो नाही म्हणाला, घरचे नाही म्हणाले, बाकी काही जुळत नाही, तर मग पुढे शोधायचं की आपल्या मनातलंच उत्तर लिहून टाकायचं?

दुसरा अटॅक जानेवारीत. मामा दोन दिवस घरीच कळ काढत बसले, कारण हॉस्पिटलला गेलं की परत तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी मुलाने नेलं, दुसऱ्या हॉस्पिटलला. इथे जास्त नीट तपासलं. ट्रायग्लिसराईड १६४, कॅल्शियम ९.२, दोन्ही ठीक. एमआरसीपी केला, म्हणजे पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्या दाखवणारा एमआरआय, त्यात नळीत खडा दिसला नाही, पित्तनलिका ६ मिलिमीटर, स्वादुपिंडाच्या नळीची ठेवणही नेहमीसारखी. एसजीपीटी, ही पण लिव्हरची टेस्ट, ५८, म्हणजे जेमतेम वाढलेलं. कार्डवर आलं, वारंवार होणारा पॅन्क्रियाटायटिस, कारण सापडलं नाही. आणि खाली सूचनांमध्ये पहिल्या नंबरला दारू पूर्ण बंद.

या दोन अटॅकच्या मधे मामा माझ्याकडे चार-पाचदा येऊन गेले होते. जेवल्यावर वर दुखतं, तासाभरात जातं. मी गॅसची गोळी दिली, पँटोप्राझोल दिलं, तिखट कमी करा म्हटलं. माझ्या स्वतःच्या वहीत हे लिहिलेलं आहे आणि आज ते वाचताना त्रास होतो. तासभर टिकून जाणारी जेवणानंतरची कळ ही पित्ताशयाची असू शकते हे मी विद्यार्थ्यांना शिकवते, पण सोनोग्राफीचा रिपोर्ट नॉर्मल होता ना, मग मीही पुढे विचार केला नाही.

तिसरा अटॅक मार्चमध्ये आणि या वेळी मामा कळ सुरू झाल्यावर दोन तासांत थेट माझ्याकडे आले. घामाने भिजलेले, खुर्चीवर वाकून बसले आणि आधी काय म्हणाले असतील, "मॅडम, इठ्ठलाची आन, थेंबाला शिवलो न्हाय जल्मात." त्यांना वाटलं मी पण तेच विचारणार. मी तिथल्या तिथे रक्त काढून पाठवलं आणि अ‍ॅडमिट करायला पाठवून दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आला, लायपेज ९००, एसजीपीटी १९६, बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) १.८.

१९६ बघून मी मुलाला फोन केला, म्हटलं घरात आहेत तेवढे सगळे कागद घेऊन ये, चिठ्ठ्यासुद्धा. रात्री दवाखाना बंद झाल्यावर टेबलावर सगळं मांडलं, तारखेनुसार नाही तर कळ सुरू झाल्यापासून किती तासांनी रक्त काढलं त्या हिशोबाने. आणि तेव्हा दिसलं. ऑगस्टमध्ये नर्सिंग होमने पहाटे पाठवलेल्या रक्तात लायपेजच्या खाली एसजीपीटी पण होतं, २३८. मोठ्या हॉस्पिटलने चौथ्या दिवशी केलं तेव्हा ७२. जानेवारीत मुळात तिसऱ्या दिवशीच पोचले, तेव्हा ५८. आता पहिल्याच तासांत १९६.

म्हणजे दर वेळी एसजीपीटी चढत होतं आणि दोन-तीन दिवसांत उतरत होतं. पॅन्क्रियाटायटिसमध्ये सुरुवातीलाच एसजीपीटी १५० च्या वर असेल तर कारण पित्ताचा खडा असण्याची शक्यता खूप जास्त, हे जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे. खडा पित्तनलिकेच्या खालच्या तोंडाशी क्षणभर अडकतो, पित्त मागे तुंबतं, लिव्हरची टेस्ट उसळते, स्वादुपिंडाची नळीही त्याच तोंडाशी उघडते म्हणून तिथेही दाब येऊन सूज सुरू होते, मग खडा एकतर आतड्यात पडतो नाहीतर मागे सरकतो आणि लिव्हर परत शांत. सूज मात्र मागे राहते. चौथ्या दिवशी बघणाऱ्याला फक्त सूज दिसते. आणि दारूने एसजीपीटीपेक्षा एसजीओटी (लिव्हरची अजून एक टेस्ट) जास्त वाढतं, इथे उलटं होतं. हे सगळं त्या कागदांत ऑगस्टपासून पडून होतं, फक्त दोन हॉस्पिटलच्या फायली एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

मग प्रश्न असा की खडा आहे तर तीन सोनोग्राफ्या, एक सीटी आणि एक एमआरसीपीमध्ये दिसला का नाही.

पोटावरून करतात त्या सोनोग्राफीचा आवाज साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा. फ्रिक्वेन्सी कमी असली की लाटा खोल जातात पण बारीक काही वेगळं दिसत नाही. वरून चामडी, चरबी, मग आतडं, आणि आतड्यात हवा. अल्ट्रासाऊंडला हवा म्हणजे भिंत. पित्तनलिकेचा खालचा भाग नेमका ड्युओडेनमच्या, म्हणजे जठरानंतरच्या आतड्याच्या पहिल्या भागाच्या, आणि स्वादुपिंडाच्या डोक्याच्या मागे दडलेला, त्यामुळे तिन्ही रिपोर्टमध्ये एक ओळ होती की पित्तनलिकेचं खालचं टोक गॅसमुळे दिसलं नाही. ती ओळ आपण सगळे वाचतो आणि सोडून देतो. दिसलं नाही आणि नाही यात फरक आहे! सीटीत कॅल्शियम नसलेले खडे बऱ्याचदा पित्तासारखेच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. एमआरसीपी चांगली टेस्ट, मोठे खडे सहसा सुटत नाहीत, पण खडा ५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल, त्यातून अगदी तोंडाशी असेल, तर तिची नजर कमी पडते.

इथे एन्डोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, ज्याला सगळे ईयूएस म्हणतात. कल्पना साधी आहे, बाहेरून दिसत नाही तर आत जाऊन बघा. दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटा प्रोब बसवलेला, तोंडातून अन्ननलिका, जठर, ड्युओडेनम असं जायचं, टोकाशी पाण्याचा छोटा फुगा भरून मधली हवा बाजूला करायची आणि भिंतीला टेकवून पलीकडे बघायचं. ड्युओडेनममधून पित्तनलिका एवढी जवळ की जास्त फ्रिक्वेन्सी वापरता येते, साधारण ५ ते १२ मेगाहर्ट्झ, आणि म्हणून मिलिमीटर-दोन मिलिमीटरची गोष्ट दिसते. पित्तनलिकेतले खडे पकडण्यात ही टेस्ट ९५ टक्क्यांच्या आसपास जाते आणि लहान खड्यांत एमआरसीपीच्या पुढे राहते. १९८० मध्ये अमेरिकेत डिमॅग्नो आणि सहकाऱ्यांनी आणि त्याच सुमारास जर्मनीत असे पहिले प्रयोग झाले, आणि मुळात ते याच भागासाठी, पोटात खोल बसलेल्या स्वादुपिंडापर्यंत गॅस चुकवून पोचता यावं म्हणून.

मी ठाण्यातल्या एका गॅस्ट्रोच्या सरांना फोन केला, माझे सिनियर. कागदांचे फोटो पाठवले. ते म्हणाले, तुझी शंका बरोबर आहे पण आत्ता नको, सूज असताना स्वादुपिंड सगळंच ढगाळ दिसतं, मागे काही लपलं असेल तर कळणार नाही, चार-पाच आठवडे जाऊ देत. कावीळ वाढली, ताप आला, थंडी वाजली तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी घेऊन ये.

मी विचारलं की सरळ पित्ताशयच काढलं तर? लिव्हरच्या टेस्टचा असा पॅटर्न असेल तर काही सर्जन तसं करतात आणि त्यात चूक नाही. सर म्हणाले दोन कारणांसाठी आधी बघू. एक, नळीत खडा राहिलेला असेल तर पित्ताशय काढूनही चौथा अटॅक येईल. दुसरं त्यांनी जरा हळू सांगितलं, चाळिशीनंतर पहिल्यांदा पॅन्क्रियाटायटिस झाला आणि कारण सापडत नाही, तर छोटा ट्यूमर नाही ना हे बघितल्याशिवाय सोडायचं नाही. २ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ सीटीत निसटू शकते, ईयूएसमध्ये निसटण्याची शक्यता कमी. हे मी मामांना सांगितलं नाही. मुलाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, मॅडम मी त्यांच्याशी सहा महिने धड बोललो नाहीये.

ते पाच आठवडे वाईट गेले. तेलकट बंद, थोडं थोडं खायचं, ओझं उचलायचं नाही, म्हणजे मजुरी नाही. खर्चासाठी माथाडींच्या टोळीतल्या लोकांनी वर्गणी काढली, थोडं पतपेढीतून उचललं.

एप्रिलच्या शेवटी ठाण्याला गेलो. मी पण गेले, त्या दिवशी सकाळचा दवाखाना बंद ठेवला. रात्री दहानंतर पोटात काही नाही, आधी संमतीच्या कागदात दोन्ही लिहिलेलं, ईयूएस करायचं आणि खडा दिसला तरच त्याच भुलीत पुढे ईआरसीपी, म्हणजे दुर्बिणीतून पित्तनलिकेत शिरून, काढायचा, दिसला नाही तर ईआरसीपी नाही. हे जर-तर महत्त्वाचं आहे. ईआरसीपीत पित्तनलिकेच्या तोंडातून आत तार घालतात, त्यामुळे त्या प्रोसिजरनेच १०० पैकी ३ ते १० जणांना पॅन्क्रियाटायटिस होतो. पूर्वी नुसतं बघण्यासाठी पण ईआरसीपी करायचे. आज बघण्यासाठी ईयूएस किंवा एमआरसीपी आहे, ईआरसीपी फक्त काढण्यासाठी. ज्याचं स्वादुपिंड आधीच तीनदा सुजलंय त्याला उगाच शंका म्हणून ईआरसीपी करणं मला चाललं नसतं. नुसत्या ईयूएसचा धोका त्या मानाने फारच कमी, भुलीचा आणि क्वचित कुठे खरचटण्याचा.

प्रोसिजर रूमच्या बाहेर सिस्टर म्हणाल्या गळ्यातलं काढा. मामा एकदम थांबले. माळ काढायची नसते, काढली की मोडली. सिस्टर पण ऐकेनात, त्यांचं पण बरोबर होतं, गळ्याजवळ काही नको. भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम आल्या, त्या पंढरपूरकडच्याच निघाल्या, त्यांनी माळ गळ्यातून न तोडता अलगद काढून मामांच्या मनगटाला गुंडाळली, वरून गॉज आणि चिकटपट्टी, म्हणाल्या अंगावरच आहे बघा माउली. मग मामा शांतपणे आडवे झाले.

मी आत उभी होते. डाव्या कुशीवर, दातांत माउथ गार्ड, भूल, आणि दुर्बीण गेली. ही नेहमीच्या एंडोस्कोपीपेक्षा जरा जाड असते. स्क्रीनवर एका बाजूला कॅमेरा आणि दुसऱ्या बाजूला सोनोग्राफी, आणि सर बहुतेक वेळ सोनोग्राफीकडेच बघत होते. जठरातून आधी स्वादुपिंडाचं शेपूट आणि मधला भाग पाहिला. इंच इंच बघत गेले. गाठ नाही. दोन-तीन पांढऱ्या रेघा होत्या, जुन्या सुजेच्या, पण कायमचा खराब झालेला पॅन्क्रिया म्हणावं एवढ्या नाहीत. मग ड्युओडेनममध्ये गेले, पोर्टल व्हेन, म्हणजे लिव्हरकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी, दिसली, वाहतं रक्त रंगात दाखवणारा डॉपलर लावल्यावर तिच्यात रंग भरला आणि तिच्या शेजारी बिनरंगाची काळी नळी, पित्तनलिका. ती वरून खाली बघत बघत सर अगदी तोंडापर्यंत आले आणि थांबले. काळ्या नळीत एक पांढरा ठिपका आणि त्याच्या मागे सरळ काळी सावली. मोजला, ३.१ मिलिमीटर.

मग पित्ताशय. मानेजवळच्या घडीत गाळ, आणि त्यात १-२ मिलिमीटरचे चमकणारे कण, मामांच्या श्वासाबरोबर हलणारे, एवढे बारीक की त्यांची सावलीही पडत नव्हती. याला मायक्रोलिथियासिस म्हणतात, ३ मिलिमीटरच्या आतले खडे. मोठा खडा बिचारा पित्ताशयातच पडून राहतो, त्याला नळीत शिरता येत नाही. हे बारीकच जास्त घातक, कारण ते सहज घसरतात.

ईयूएसला २५ मिनिटं लागली असतील. पुढे दुर्बीण बदलून ईआरसीपी, तोंडाला छोटा छेद, फुग्याने नळी झाडली, तो खडा आणि त्याच्यामागे चुऱ्यासारखा गाळ आतड्यात पडला. मी बाहेर येऊन मुलाला सांगितलं की खडा होता, काढला, गाठ नाही. तो भिंतीला टेकला. मामींनी विचारलं, "म्हंजी दारूचं न्हवतं?" मी म्हटलं नाही मामी, कधीच नव्हतं.

दोन दिवसांनी त्याच अ‍ॅडमिशनमध्ये लॅप्रोस्कोपीने पित्ताशय काढलं. हे लगेच करण्याला महत्त्व आहे. नळी साफ झाली तरी खडे तयार करणारी पिशवी तशीच असते. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी सौम्य पित्तखड्याच्या पॅन्क्रियाटायटिसमध्ये त्याच अ‍ॅडमिशनला ऑपरेशन विरुद्ध महिन्याभराने ऑपरेशन अशी तुलना छापली होती. परत अ‍ॅडमिट व्हावं लागणं किंवा मृत्यू हे उशिरा ऑपरेशन झालेल्यांत १७ टक्के आणि लगेच झालेल्यांत ५ टक्के होतं. मामांचं पित्ताशय कापून बघितलं तर आत खसखशीएवढे खडे, मोजता न येण्याएवढे.

आता थोडं या टेस्टबद्दलच, कारण ही केस मी आमच्या भागातल्या डॉक्टरांच्या ग्रुपवर सांगितल्यापासून लोक मला विचारतात की मग सगळ्यांनाच ईयूएस का नाही करत. नाही, सगळ्यांना नाही. गॅस, जळजळ, पोट साफ होत नाही यासाठी ईयूएसला पाठवणं म्हणजे पैसे वाया. सोनोग्राफीतच नळीत खडा स्पष्ट दिसतोय, किंवा कावीळ आणि थंडी-ताप आहे, तिथेही ईयूएसमध्ये वेळ घालवायचा नाही, सरळ ईआरसीपी. ईयूएसची जागा मधली, जिथे शंका भरपूर आहे पण पुरावा नाही. ज्यांचं जठराचं बायपास ऑपरेशन झालंय त्यांच्यात प्रोब त्या जागी पोचतच नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ही टेस्ट करणाऱ्याच्या हातावर आणि नजरेवर आहे. एमआरआयचे फोटो दुसऱ्या कुणालाही परत दाखवता येतात, ईयूएस बघणाऱ्याने त्या क्षणी बघितलं नाही तर ते गेलं. म्हणून पाठवताना मी विचारते की करणार कोण, आठवड्याला किती करतात.

खड्यांपलीकडेही तिचं काम मोठं आहे. पचनमार्गाची भिंत ईयूएसमध्ये पाच थरांत दिसते, एकाआड एक पांढरा-काळा, आणि अन्ननलिकेचा किंवा जठराचा कॅन्सर कितव्या थरापर्यंत गेलाय त्यावर कधी कधी ठरतं की दुर्बिणीने सोलून काढता येईल की मोठं ऑपरेशन. ऐरोलीच्या माझ्या एका पेशंटला साध्या एंडोस्कोपीत जठरात गुळगुळीत उंचवटा दिसला, वरून बायोप्सी घेतली तर नॉर्मल, कारण गाठ आतल्या स्नायूच्या थरात होती आणि चिमटा वरच्याच थरात चालला होता. ईयूएसने थर कळला, सुईने तुकडा घेतला आणि निदान झालं. ही सुईची पद्धत १९९२ मध्ये डेन्मार्कच्या पीटर व्हिलमन यांनी स्वादुपिंडात वापरून दाखवली, त्याआधी ईयूएस फक्त बघायचं साधन होतं. आता तर स्वादुपिंडाशेजारी साठलेलं पाणी जठरात वाट करून आतूनच काढतात, पोट न फाडता.

पण मला या केसमध्ये मशीनपेक्षा ते टेबलावर मांडलेले कागद जास्त आठवतात. माझ्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरकडे ईयूएस नाही, होणारही नाही. आमच्या हातात काय, तर कळ सुरू झाल्यावर पहिल्या काही तासांत एसजीपीटी आणि बिलिरुबिन पाठवणं, लायपेजसोबतच, आणि तो कागद पेशंटला जपून ठेवायला सांगणं. तो एक १९६ चा आकडा नसता तर मी सरांना फोन केला असता की नाही, मला खरंच माहीत नाही. आता माझ्याकडे पॅन्क्रियाटायटिसची फाईल आली की कारणाच्या रकान्यात माहीत नाही लिहिलेलं असेल तर मी दोनच गोष्टी विचारते, पहिलं रक्त किती तासांनी काढलं आणि ईयूएस झालं का. आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये जे दिसलं नाही असं लिहिलंय त्याच्याखाली पेनाने रेघ मारते.

मामांना आता चौदा महिने झाले. एकही अटॅक नाही, लायपेज नॉर्मल, शुगर नॉर्मल, वजन ६४. मार्केटला परत जातात, पण मुकादमाने त्यांना गोणीवरून काढून मोजणीच्या कामाला लावलंय. तंबाखू सोडायला सांगितलीय, स्वादुपिंडाला तंबाखू वाईटच, अर्धी सोडलीय म्हणतात. गेल्या आषाढीला आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालले, मुलगा लोणंदपासून त्यांच्याबरोबर होता.

वारीहून आल्यावर मामा दवाखान्यात आले, बुक्क्याची पुडी आणि चुरमुऱ्याचा प्रसाद ठेवला आणि खिशातून घडी घातलेलं ऑगस्टचं ते पहिलं डिस्चार्ज कार्ड काढलं. म्हणाले, "ह्यातला त्यो शब्द खोडायचा हाय." मी म्हटलं मामा, दुसऱ्या हॉस्पिटलच्या कागदावर मला खोडता येत नाही. मग आम्ही बसून पत्र लिहिलं, ईयूएसचा रिपोर्ट, ईआरसीपीची नोट, पित्ताशयाचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि तिन्ही अटॅकच्या एसजीपीटीचे आकडे तासांसकट जोडले आणि त्या हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्डला दिलं. दोनदा परत आलं, तिसऱ्यांदा त्यांनी सही-शिक्क्याची सुधारणा जोडून दिली, कारण पित्ताचे खडे. ती जोडून मुलाने क्लेमचा पुन्हा अर्ज टाकलाय, त्याचं उत्तर यायचंय. मामांनी क्लेमचं काहीच विचारलं नाही, त्या सुधारणेच्या चार झेरॉक्स मारून मागितल्या, एक टोळीत दाखवायला, एक गावाकडं भावाला, एक मामींकडे ठेवायला, आणि एक माझ्या फायलीत लावा म्हणाले, सगळ्यात वर.